न पाजलेलं तेल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. आबांना तर नाहीच. आबा गेले त्या दुपारी त्यांच्या खाटेशी मीच बसलो होतो. त्यांचा हात माझ्या हातात होता, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तेव्हाही तोंड उघडलं नाही. मग आता तुम्हाला का सांगतोय? तुम्ही त्या गावचे नाही, म्हणून असेल. तुम्हाला भिकूनाना सुतार ठाऊक नाही, ती गाडी ठाऊक नाही. माझी शाळा चौथीत सुटली. लिहायची सवय नाही, बोलतो तसंच लिहितो — सांभाळून घ्या.

मी मूळचा वऱ्हाडातला. बाप जिनिंगमध्ये कामाला होता. तो गेला, तसा मी ट्रकवर क्लीनर झालो, आणि ट्रकांवरून फिरत फिरत पुण्यातल्या एका गॅरेजात येऊन पडलो. घरी परत जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. चुलत्यानं तसं स्पष्टच कळवलं होतं.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. एक दिवस आबा गॅरेजात आले. पौडाच्या पुढं त्यांचं गाव, मोठी भातखाचरं, गावात शब्दाला वजन. स्वराज्य आलं तेव्हा विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी गाडी घेतली होती — दोन माणसांची, बिनटपाची, शर्यतीच्या ढंगाची. ती बंद पडली आणि गोठ्यात पेंढ्याखाली दहा वर्षं पडून राहिली. आता ती उभी करायची होती, तीही घरीच, डोळ्यासमोर. गावात राहून काम करील असा माणूस त्यांना हवा होता. गॅरेजवाल्याला मी नकोसा झालेलो. त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं.

आबांनी मला माणसात आणलं, हे आधी सांगून ठेवतो. गोठ्याशेजारची खोली दिली. दोन वेळचं ताट त्यांच्याच स्वयंपाकघरातून यायचं. कुणी मला 'ए' म्हणून हाक मारली तर आबा म्हणायचे, "त्याचं नाव किसन आहे." माझ्या नावाची एवढी काळजी त्याआधी कुणी घेतली नव्हती. पण रोज सकाळी डोळे उघडले की एकच भीती — गाडी झाली की आपलं काय? गाडी लवकर व्हावी असं वाटायचं, आणि होऊच नये असंही वाटायचं. हे तुम्हाला कळतंय ना?

इंजिन आम्ही फणसाच्या फांदीला दोर टाकून उचललं. चार गडी ओढायला, मी खाली. गिअरपेटी पोत्यावर मांडून तुकडा न् तुकडा सुटा केला. आबा रोज संध्याकाळी त्या सांगाड्यात घोंगडी घालून बसायचे आणि जागच्या जागी चाक फिरवायचे. साठीचा माणूस. "किसन," म्हणायचे, "एकदा ताम्हिणीपर्यंत जाऊन यायचं. मग गाडी राहिली काय आणि मी राहिलो काय."

दारांचा पत्रा उचकटला तेव्हा मी चकित झालो. आत सगळं लाकूड. विलायतेची गाडी, आणि पत्र्याच्या आत बैलगाडीसारखा लाकडी सांगाडा. तोही कुजलेला, बोटानं चुरा व्हावा असा. म्हणून भिकूनाना आले.

नानांबद्दल मला वाईट सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण गावात आबांखेरीज माझ्याशी पहिल्यांदा माणसासारखं वागले ते नाना. मी आलो त्याच पावसात मला ताप भरला. त्या मुलखातला पाऊस — कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. नानी रोज नाचणीची आंबील घेऊन यायच्या. नाना उंबऱ्यात बसून काहीतरी तासत राहायचे. ताप उतरला त्या दिवशी त्यांनी माझ्यापुढं एक पेटी ठेवली. सागवानी. आत प्रत्येक पान्याला, प्रत्येक हातोडीला तिच्या मापाची खोबण. माप कधी घेतलं होतं, देव जाणे. मी रडलो. ते म्हणाले, "रडताय कशापायी? अवजार उघड्यावर पडल्यालं मला बघवत न्हाई, येवढंच."

मग असं काय झालं, विचाराल. सांगतो. ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच?

गिअरपेटीतलं एक पितळी वायसर झिजलं होतं. रुपयाएवढं, मधे भोक. मी पुण्याहून लेथवर नवं करून आणलं, बसवलं, जुनं बाजूला ठेवलं. नाना दारांचं माप घ्यायला आले होते. त्यांनी ते पोत्यावरून उचललं.

"मिस्त्री, ह्ये कुटलं उरलं?"

मी म्हणालो, उरलं नाही, झिजलं म्हणून बदललं.

"व्हय व्हय. माज्या हातनं बी एकदा गाडीचं एक चाक उरलं व्हतं. तेबी झिजल्यालंच व्हतं."

गडी हसले. मी कसनुसा हसलो. नानांनी वायसर कनवटीला लावलं. मला वाटलं, संपलं.

आमच्याकडं पोळा श्रावणात, इथं भादव्यात. त्या दिवशी मला घरची फार आठवण येत होती. वेशीतून बैल निघाले — शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. नानांच्या पाखऱ्या बैलाच्या कपाळावर लाल दोऱ्यात ते वायसर. चिंचेनं घासून लखलखीत केलेलं. मारुतीच्या देवळापुढं सगळा गाव उभा, आणि नाना बैलाची वेसण धरून म्हणतायत, "ही वऱ्हाडी मिस्त्रींची शिल्लक. आबांची गाडी अडली तर मिस्त्रींला इचारू नका. ह्या बैलाला इचारा — तुकडा त्याच्यापाशी हाय."

सगळे हसले. बाया हसल्या. कुणीतरी माझी नक्कल केली, "मले नाही मालूम, मले नाही मालूम." मी सांगत होतो — झिजलं होतं, बदललं. माझं कोण ऐकतंय? आणि मग मी आबांकडं पाहिलं. आबा हसत होते. उपरण्यानं डोळे पुसत होते.

ते हसणं मी विसरलो नाही. नानांचं विसरलो असतो. आबांचं नाही. त्या हसण्यात मला माझी परतीची गाडी दिसली. आजवर 'किसन' होतो, त्या दिवसापासून गावाचा 'वायसर' झालो. पोरं लांबून ओरडायची, "वायसर, ओ वायसर." आबांवर राग धरायची माझी छाती नव्हती. त्यांच्या ताटातलं खात होतो. मग तो सगळा राग कुठं जाणार? नानांवर गेला. सबंध.

नाना कुणाचीही थट्टा करायचे. स्वतःच्या बायकोची, देवळातल्या गुरवाची, आबांच्या मिशीचीसुद्धा. त्यात विष नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याच संध्याकाळी नानींनी मला पुरणपोळी पाठवली, वर तुपाची धार. ती मी खाल्ली. खाता खाताच ठरवलं — नाना, ह्याच देवळापुढं, ह्याच माणसांसमोर तुमचं हसं करीन. कसं, ते माहीत नव्हतं. घाई नव्हती.

वाट नानांनीच दाखवली.

सांगाडा कशाचा करायचा, यावर दोघांचं वाजलं. आबा म्हणाले सागवान. नाना म्हणाले, न्हाई. "साग हाय राजा, पर वाकत न्हाई. ह्या गाडीला धक्कं बसणार. साग चिरंल. धामण घालू." धामणीचं झाड आमच्याकडंही होतं, कावडीला, कुऱ्हाडीच्या दांड्याला तेच लाकूड. वाकतं, मोडत नाही. विलायतेचं जुनं लाकूड नानांनी दातांत धरून चावून बघितलं होतं — म्हणाले, त्याच जातीचं हाय. आबा कचरले. नाना म्हणाले, "जबाबदारी माजी. धामणीला खोड येकच. लाकूड गोड, किड्याला लई आवडतं. पर त्येल पाजलं की झालं."

करंजाचं तेल. कडू, उग्र. कोमट करून लाकडाच्या आतल्या अंगाला, खाचांत, सांध्यांत मुरवायचं. एक हात, मग ऊन, मग दुसरा हात, मग ऊन, असे तीन. त्यानंतरच पत्रा. सांगाडा इतका देखणा झाला की पत्र्याखाली झाकायला जीव होईना. दाराचे खांब कमानीसारखे वळवलेले, सांध्यात नख शिरणार नाही. तेवढ्यात नानांना लेकीच्या गावाहून बोलावणं आलं, तिचे दिवस भरले होते. नाना-नानी दोघंही निघाले. ऐन दिवाळीच्या तोंडावर. जाताना तेलाचा डबा माझ्या हातात दिला.

"मिस्त्री, तुमच्या हाती देतो. लेकरावानी पाजा. पाजल्याबिगर पत्रा मारू नका."

त्या क्षणी ते थट्टा करत नव्हते. सगळ्या गावात त्यांनी तो डबा माझ्याच हाती दिला होता.

मी तेल पाजलं नाही.

झालं. सांगितलं.

नाही — थांबा. हे अर्धंच सांगितलं. तेल पाजलं नाही म्हटलं की वाटतं, आळस केला असेल, विसरला असेल. मी विसरलो नव्हतो. भर दुपारी, आबा जेवून कलंडले होते तेव्हा, मी तो डबा गोठ्यामागच्या निवडुंगाच्या बुडाशी ओतला. थोडं ठेवलं. ते सांगाड्याच्या बाहेरच्या कडांना पुसलं, म्हणजे वास यावा. मग आतल्या बाजूनं लाकडावर पाणी मारलं. पत्राही धुतला आणि ओला असतानाच ठोकला. प्रत्येक खिळा नीट, सरळ ठोकला. आयुष्यात इतकं सफाईचं काम मी दुसरं केलं नसेल. निवडुंगापाशी वास दरवळत राहिला, म्हणून तिथं शेणी जाळल्या.  हे सगळं शांतपणे केलं, हेही लिहून ठेवतो.

नाना नातू बघून परतले. दाराजवळ वाकले, वास घेतला, मान हलवली. "ब्येस." एवढंच म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

गाडी चालू झाली. ते माझं काम होतं आणि चोख होतं. आबा ताम्हिणीला जाऊन आले — मी शेजारी, डोळ्यांतून वाऱ्यानं पाणी, वाटेतली गुरं सैरावैरा. परतल्यावर आबांनी देवळापुढं आम्हा दोघांना फेटे बांधले. नानांना शब्द दिला की नव्या शाळेची दारं, खिडक्या, बाकं सगळी त्यांच्याच हातची होतील.  दुसऱ्या दिवसापासून नाना लाकूड बघत हिंडू लागले. 'ज्या शाळंत आपली पोरं बसनार, त्या शाळंचं दार आपल्या हातचं' — हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

मी वाट बघत होतो.

पावसाळ्यात गाडी गोठ्यात उभी. रोज सकाळी मी फडकं घेऊन जायचो आणि दाराला कान लावायचो. आषाढ लागता लागता ऐकू आलं. कर्र… कर्र… अगदी बारीक. तुम्हाला काय सांगू, मला काय वाटलं ते? देवळातल्या भजनानं कधी इतकं बरं वाटलं नव्हतं. दाराखाली पिवळसर भुकटी पडायची, पिठासारखी. आबांच्या नजरेस पडायच्या आत मी ती झाडून टाकायचो. रोज. तीन महिने. म्हणजे तीन महिने रोज मला सांगायची संधी होती. पत्रा उचकटायचा, तेल पाजायचं — लाकूड वाचलं असतं. आबा त्या गाडीत बसतात, चालत्या गाडीचं दार निखळलं तर काय, हाही विचार मनात आला होता. येऊन गेला. मी झाडू ठेवून कान लावायचो.

दसऱ्याला सगळ्यांची अवजारं देवळापुढं मांडतात. नानांची करवत, वाकस, रंधा, वर झेंडूची फुलं. आबांनी गाडीही तिथं आणून लावली. गळ्यात हार घातलेली. गाव जमलेला. आबा उतरायला गेले, दार उघडलं — आणि दार हातातच आलं. बिजागरीसकट. खांबातून भुकटीची धार लागली ती जमिनीवर हा एवढा ढीग. आबा एका गुडघ्यावर पडले. लागलं नाही फार.

कुणी हसलं नाही. मी धरून चाललो होतो की हसतील. पण शांतता पसरली, आणि ती हसण्याहून वाईट होती. सगळे नानांकडं बघत होते.

आबा उठले, धोतर झटकलं. "भिकू, मी साग म्हणत होतो."

नाना खाली बसले. खांबाचा तुकडा उचलला, मोडला, नाकाशी नेला. कितीतरी वेळ वास घेत राहिले. मग म्हणाले, "आबा, आतून त्येल पाजल्यालं न्हाई."

आता सगळे माझ्याकडं. मी काय केलं? देवळाकडं हात केला आणि म्हणालो, तीन हात पाजले. मारुतीची आण. डबा रिकामा आहे, बघा. लाकूडच ओलं होतं, त्याला मी काय करू?

हे शेवटचं वाक्य मी तयार करून ठेवलं नव्हतं. ते आपोआप आलं. आणि तेच लागलं. न सुकवलेलं लाकूड घातलं म्हणणं म्हणजे सुताराला चोर म्हटल्यासारखंच.

"किसन खोटं बोलायचा नाही," आबा म्हणाले. "वर्षभर माझ्या डोळ्यांपुढं आहे. भिकू, चूक झाली तर झाली म्हणावं. दुसऱ्यावर घालू नये."

नाना उभे राहिले. मला वाटलं, भांडतील. ते आपल्या अवजारांपाशी गेले, फुलं बाजूला केली, करवत उचलली, वाकस उचलला आणि घरी गेले. दसऱ्याच्या दिवशी पूजेतली अवजारं उचलून नेणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

शाळेची दारं पुण्याच्या ठेकेदाराकडं गेली. मग लोक चाकंही दुसऱ्या गावच्या सुताराकडं नेऊ लागले. कुणी वाईट बोललं नाही, नुसते पलीकडच्या वाटेनं जायचे. माघात नानांनी पाखऱ्या विकला. शिमग्याच्या आधी घराला कडी घातली. पुण्यात लाकडाच्या वखारीत ओंडके कापायला जाणार, असं कळलं. ज्या हातांनी धामण कमानीसारखी वळवली, त्या हातांनी ओंडके.

निघायच्या दिवशी ते गोठ्यापाशी आले. मी नव्या सांगाड्याला लोखंडी पट्ट्या मारत होतो. त्यांनी कनवटीतून वायसर काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. दोरा अजून तसाच.

"बैल इकला. ह्ये तुमचं."

मी ते उचललं नाही.

"तवा आमी हसलो, ते तुमाला लागलं व्हतं व्हय?"

त्यांनी खरोखरच विचारलं. टोमणा नव्हता. त्यांना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं, आणि त्या क्षणी सगळं कळलं होतं. मी मान खाली घालून पट्टीला भोक पाडत राहिलो.  मग ते नानींना म्हणाले, "चल गं," आणि गेले. त्यांनी आबांना सांगितलं नाही. वखारीत गेल्यावर किती वर्षं जगले, कसे, मी चौकशी केली नाही. पुण्याला किती वेळा गेलो असेन. वखारींच्या रस्त्यानं जायचं टाळलं.

मला मात्र सगळं मिळालं. आबांनी मला ठेवून घेतलं. म्हणाले, खरं बोलणारा माणूस घरात असावा. रस्त्याकडेला जागा दिली, तिथं माझं गॅरेज झालं. लग्न लावून दिलं, मांडवात माझ्या बापाच्या जागी उभे राहिले. रोज सकाळी डोळे उघडताच जी भीती यायची, ती त्या दसऱ्यानं कायमची गेली. आबांचे उपकार मी विसरलो नाही. जन्मभर राबलो त्यांच्यासाठी. पण ते उपकार कुणाच्या घरावर उभे आहेत, ते मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

इथं मला पश्चात्ताप झाला असं लिहायला हवं. तुम्हीही तीच वाट बघत असाल. नानांचं वाईट वाटतं — वाटतं. पण तो कर्र कर्र आवाज आठवला की अंगावरून अजून मोरपीस फिरतं. हे खोटं कसं लिहू?

नानांनी दिलेली सागवानी पेटी अजून माझ्यापाशी आहे. एक सांधा हललेला नाही. प्रत्येक पाना आपापल्या खोबणीत. वायसरही त्यातच ठेवलंय, पण त्याला खोबण नाही, ते सुटंच पडलेलं असतं. पेटी उचलली की वाजतं. आणि ते वाजलं की मला आधी हसू येतं. बाकीचं सगळं त्यानंतर.